खोली की खुर्ची? : इंटिरिअर डिझाइन आणि इंडस्ट्रियल डिझाइन यांतील निवड

ज्या विद्यार्थ्याचा चित्रकलेत हात चांगला चालतो, त्याच्या घरी दहावीपासूनच एक चर्चा सुरू होते. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, प्रशस्तिपत्रके भिंतीवर लागली. पण पुढे काय? चित्रे काढून पोट भरेल का, ही आईवडिलांची शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. मग कोणी मामा, कोणी शेजारी, कोणी ड्रॉइंगचे सर सुचवतात, "त्याला डिझाइनला घाला." येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. अडचण त्यानंतर येते. माहितीपुस्तक उघडावे तर एका पानावर इंटिरिअर डिझाइन आणि दुसऱ्या पानावर इंडस्ट्रियल डिझाइन. दोन्हीकडची छायाचित्रे सारखीच चकचकीत आणि दोन्हीकडची भाषा सारखीच मोघम. एकदा प्रवेश घेतला म्हणजे चार वर्षे आणि घरचे बरेच पैसे त्यात गुंततात, मागे फिरणे सोपे नसते. म्हणून या दोन व्यवसायांत मुळात फरक कोणता आहे, हे थोडे सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

आधी शब्दाविषयी. 'डिझाइन' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. साडीच्या काठाला डिझाइन, मेंदीचे डिझाइन, उंबऱ्यावरच्या रांगोळीचेही डिझाइनच. या सर्व ठिकाणी आपल्याला नक्षी म्हणायचे असते. परंतु येथे ज्या अर्थाने तो शब्द येतो, त्यात नक्षीचा भाग फार थोडा आहे. एखादी गोष्ट घडवण्यापूर्वी ती कोणासाठी, कशाची, कोणत्या रीतीने आणि किती खर्चात करावयाची हे विचारपूर्वक ठरवून कागदावर उतरवणे म्हणजे डिझाइन. मराठीत त्यासाठी 'अभिकल्प' हा शब्द योजला गेला. सरकारी कागदपत्रांत तो रुळला, सुताराच्या आणि कारखानदाराच्या तोंडी मात्र आला नाही. म्हणून येथे प्रचारातले शब्दच वापरले आहेत.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखाद्या जुन्या इराणी हॉटेलात जाऊन बसावे. मुंबईत धोबी तलावाजवळ १९०४ साली निघालेले कयानी आहे. पुण्यातही अशी जुनी ठिकाणे आहेत. चहा आणि बनमस्का मागवावा व ज्या खुर्चीवर आपण बसलो आहोत तिच्याकडे प्रथम पाहावे. वाकवलेल्या गोल दांड्यांची, पाठीला कमान असलेली, वजनाला हलकी अशी ही काळसर लाकडी खुर्ची आहे. या जातीच्या खुर्च्यांचा मूळपुरुष १८५९ सालचा. मिखाएल थोनेट हा जन्माने जर्मन आणि पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेला कारागीर. बीच नावाच्या झाडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवण्याची युक्ती त्याने सिद्ध केली आणि आपली १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती उभी राहते. सुटे भाग नीट रचले तर एक घनमीटर आकाराच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. बोटीने हे खोके कोठेही जावे आणि ज्याला स्क्रू पिळता येतो अशा कोणीही खुर्ची जोडावी, अशी ही योजना होती. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे सांगितले जाते. थोनेटच्या एकाधिकाराची मुदत १८६९ मध्ये संपल्यावर इतर कारखान्यांनीही याच पद्धतीच्या खुर्च्या काढल्या, त्या वेगळ्याच.

थोनेट १८७१ मध्ये वारला. आपल्या खुर्चीच्या वंशजांवर बसून मुंबईत कोणी मावा केक खाईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. आपल्या गिऱ्हाइकाचे तोंड न पाहता त्याने गिऱ्हाइकाची सोय पाहिली. हे झाले इंडस्ट्रियल डिझाइन.

आता खुर्चीवरून नजर उचलून सभोवार न्यावी. दुकान बहुधा कोपऱ्याचे, दोन रस्त्यांकडे उघडे. त्यामुळे उजेडाला आणि वाऱ्याला तोटा नाही. टेबलांना संगमरवरी पाट, फडका मारला की स्वच्छ. भिंतींवर मोठमोठे आरसे; त्यामुळे अरुंद जागा रुंद भासते आणि गल्ल्यावरच्या मालकाला मान न वळवता मागची टेबलेही दिसतात. गल्ला दाराशीच, म्हणजे पैसे दिल्याखेरीज कोणी बाहेर पडू नये. बिस्किटांच्या बरण्या अशा जागी की आत शिरणाऱ्याची नजर आधी तेथेच जावी. या साऱ्याचा विचार त्याच जागेसाठी, त्याच रस्त्यावरील गिऱ्हाइकांसाठी झाला आहे. खुर्ची उचलून दुसऱ्या गावी नेली तरी ती खुर्चीच राहते. हा खोलीचा बेत मात्र दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालणार नाही. तेथे ऊन दुसऱ्या बाजूने येईल, रस्ता एकच असेल, गिऱ्हाईक वेगळे असेल. याला इंटिरिअर डिझाइन म्हणतात, मग ते पदवीधराने केलेले असो वा व्यवहार जाणणाऱ्या मालकाने.

पुष्कळांना इंटिरिअर म्हणजे पडदे, झुंबरे आणि फॉल्स सीलिंग असे वाटते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची छायाचित्रे पाहून हा समज होतो. त्यांनी मुंबई-पुण्याच्या चाळीतील दहा बाय बाराची खोली आठवावी. सहा माणसे, एक मोरी, वर माळा, भिंतीला भांड्यांची मांडणी, कॉटखाली ट्रंका. सकाळी जो कोपरा स्वयंपाकघर, तोच दुपारी बैठकीची खोली आणि रात्री निजण्याची जागा. ज्या गृहिणीने ही सारी व्यवस्था बसवली, तिने कोठे अभ्यासक्रम केला नव्हता. परंतु कोणती वस्तू रोज लागते, कोणती सणावारी लागते, कोण पहाटे उठते, कोण रात्रपाळीहून येते हे तिला ठाऊक होते आणि त्यावरून तिने माळा, फळी आणि ट्रंक यांची वाटणी केली होती. आजचा इंटिरिअर डिझाइनर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शिरतो तेव्हा त्याला हेच प्रश्न विचारावे लागतात. मुलगी अभ्यासाला कोठे बसणार आणि तिच्या वहीवर तिच्याच हाताची सावली तर पडत नाही ना? आजोबा रात्री उठले तर दिव्याचे बटण त्यांच्या हाताला कोठे लागेल? ओटा कोणाच्या उंचीचा करावयाचा, सासूबाईंच्या की सुनेच्या? ओट्याचा पृष्ठभाग कोपराच्या थोडा खाली असावा म्हणजे खांदे भरून येत नाहीत. ज्या घरात दोघी आळीपाळीने स्वयंपाक करतात तेथे हा प्रश्न साधा राहत नाही. डिझाइनरला दोघींना ओट्यापुढे उभे करून टेप लावावी लागते आणि दोघींचे मन राखून मधला आकडा काढावा लागतो.

येथेच दोन्ही व्यवसायांच्या वाटा फुटतात. इंटिरिअर डिझाइनर सूनबाईंच्या कोपराची उंची प्रत्यक्ष मोजू शकतो. इंडस्ट्रियल डिझाइनरला ते शक्य नसते. त्याची वस्तू हजारो, कधी लाखो घरांत जाणार. तो किती कोपर मोजणार? म्हणून तो कोष्टकांकडे वळतो. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचा एक संग्रह सिद्ध केला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. उभे असताना, बसलेले असताना, मांडी घातलेली असताना हात कोठवर पोहोचतो अशी मापे त्यात आहेत. परदेशी पुस्तकांत मांडी घालून बसलेला माणूस शोधून सापडत नाही, आपल्याकडे मात्र निम्मी कामे तशीच चालतात. इंडस्ट्रियल डिझाइनचा विद्यार्थी अशा आकड्यांशी मैत्री करतो. ज्याला आकड्यांतून माणूस दिसत नाही, त्याने या शाखेत जाण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

याचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे मतदान यंत्र. निवडणूक आयोगासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपन्यांच्या सहकार्याने १९८९ च्या सुमारास हे यंत्र विकसित झाले. त्याचे इंडस्ट्रियल डिझाइन पवईच्या आय. आय. टी.मधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी केले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत ते वापरले गेले. उमेदवाराचे नाव, शेजारी चिन्ह, त्याच ओळीत निळे बटण. बटण दाबले की लाल दिवा लागतो आणि लांब शिट्टीसारखा आवाज होतो. किती साधे! पण हे साधेपण विचाराने आलेले आहे. मतदार निरक्षर असू शकतो, वयोवृद्ध असू शकतो, शेतकामाने त्याची बोटे राठ झालेली असू शकतात. आपले मत नोंदले गेले की नाही हे त्याला डोळ्यांनी आणि कानांनीही कळले पाहिजे. शिवाय मतदान गुप्त. आडोशामागे त्याला समजावून सांगायला डिझाइनर उभा राहू शकत नाही. वस्तूनेच आपला वापर सांगितला पाहिजे. घराच्या बाबतीत काही चुकले तर मालक डिझाइनरला फोन करतो. देशातील कोट्यवधी मतदारांनी कोणाला फोन करावा?

चूक झाल्यावर काय होते, हा माझ्या मते निवडीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि माहितीपुस्तकांत तो कधीच नसतो. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाहा. पोलादाच्या साच्यात वितळलेले पॉलिप्रॉपिलीन मोठ्या दाबाने भरतात. ते थंड झाले की साधारण मिनिटभरात अखंड खुर्ची बाहेर येते. साचा मात्र मिनिटभरात होत नाही. त्याला महिने लागतात आणि लाखो रुपये पडतात. खुर्चीची जाडी सर्वत्र सारखी ठेवली नाही तर जाड ठिकाणी प्लास्टिक उशिरा थंड होते आणि तेथे खळगा पडतो. बाजूंना किंचित उतार दिला नाही तर खुर्ची साच्याला धरून बसते. मंगल कार्यालयात पन्नास खुर्च्या एकात एक रचलेल्या दिसतात, त्याही आकाराला असा उतार असल्यामुळेच. कागदावर दोन अंशांची चूक झाली आणि ती साचा कापल्यानंतर लक्षात आली, तर ती दुरुस्त करणे म्हणजे पोलादाशी झगडणे. लक्षात न येता माल बाजारात गेला तर तीच चूक लाख वेळा विकली जाते.

इंटिरिअरमध्ये सुताराला सांगून दुसऱ्या दिवशी फळी बदलता येते. लॅमिनेटचा रंग नाही आवडला तर खर्च होतो, पण प्रलय होत नाही. चूक एका घरापुरती राहते. मात्र त्या घरातील माणसांना ती रोज भेटते आणि ती माणसे तुम्हाला बाजारात, लग्नकार्यात भेटतात! कपाटाचे दार उघडताना पलंगाला लागते, हे वाक्य तुम्हाला वीस वर्षे ऐकावे लागेल. ज्याला असे परिचित माणसाचे बोलणे सोसत नाही, पण अनोळखी लाखोंची जबाबदारी पेलते, तो कारखान्याकडे वळलेला बरा. याच्या उलट स्वभावाचीही माणसे असतात.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांत एक भीती घर करून असते. कारखाना, यंत्रे, साचे हे अभियंत्यांचे क्षेत्र आहे. आपला तेथे काय संबंध? ही भीती घालवण्यास महाराष्ट्रातलेच एक नाव पुरे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८८५ च्या सुमारास चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडते असे आढळून आले आणि चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ते शिकवलेही. १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. लोखंड लागले की जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या नांगरासाठी. ज्यांनी जागा दिली ते औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कलासंग्राहक होते. रंगांनी ज्याला नाकारले त्याला रेषेने तारले असे म्हणावयास हरकत नाही. आरेखन येत होते म्हणूनच मनातील नांगर त्यांना लोहारापुढे मांडता आला.

स्वातंत्र्यानंतर या विषयाच्या शिक्षणाची घडी बसली, तीही कला आणि उद्योग यांच्या संगमातूनच. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने देशभर प्रवास करून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. आपण पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो आपला लोटा. त्यात पाणी किती मावते, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, अशा प्रश्नांच्या मालिकेतून त्यांनी लोट्याचा विचार केला. कोणा एकाने तो घडवला नाही, पिढ्यांनी घडवला. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली आणि १९६९ मध्ये पवईला इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. पवईच्या केंद्राच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते प्रा. सुधाकर नाडकर्णी हे मुळात सर जे. जे.चे उपयोजित कलेचे विद्यार्थी. तेथून ते जर्मनीत उल्म येथील प्रसिद्ध अभिकल्प विद्यालयात शिकण्यास गेले. अभियंता असल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकता येत नाही, हा समज किती पोकळ आहे ते यावरून दिसेल. अर्थात अभियंत्याशी त्याच्या भाषेत बोलता येण्याइतके गणित आणि पदार्थविज्ञान शिकावे लागते. त्यापासून सुटका नाही.

इंटिरिअरची परंपरा अधिक जुनी व अधिक विस्कळीत आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे.मध्ये अंतर्गत सजावटीचे शिक्षण दीर्घकाळ दिले गेले आहे. अहमदाबादच्या सेप्टमध्येही १९९१ पासून याचे स्वतंत्र विद्यालय आहे. याखेरीज गल्लोगल्ली एक वर्षाचे, सहा महिन्यांचे वर्ग निघाले आहेत. त्यांत चांगले किती आणि फी उकळणारे किती हे प्रत्येकाने चौकशी करून ठरवावे. माझा सल्ला असा की, वर्गात सुतारकामाची कार्यशाळा आहे का आणि विद्यार्थ्यांना चालू कामाच्या जागी नेतात का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. संगणकावर रंगीत चित्र काढायला शिकवणे म्हणजे इंटिरिअर शिकवणे नव्हे.

कारण या व्यवसायाचा निम्मा दिवस धुळीत जातो. सकाळी नऊला सुतार आलेला नसतो. इलेक्ट्रिशियनने पॉइंट काढले तेथेच नेमके कपाट येणार असते. प्लंबर म्हणतो गवंड्यामुळे अडले, गवंडी म्हणतो प्लंबरमुळे. आठ बाय चारच्या प्लायवूडमधून कमीत कमी तुकडे वाया जातील असे कापकाम सुताराला आखून द्यावे लागते, नाहीतर मालकाचे पैसे भुशात जातात. या सर्वांशी न चिडता बोलणे, कोणी काय केले ते रोज लिहून ठेवणे, मोजमाप करून बिले तपासणे ही कामे चित्रकलेच्या वर्गात कोणी शिकवत नाही. मुलींना हे जमेल का, असा प्रश्न पालक विचारतात. ज्या मुली या क्षेत्रात आहेत त्यांच्याकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. पहिले काही महिने कारागीर त्यांचे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. मापे बरोबर निघू लागली की 'मॅडम' म्हणून आधी त्यांनाच विचारतात.

इंडस्ट्रियल डिझाइनरचा दिवस वेगळा जातो. तो बहुधा नोकरी करतो, निदान सुरुवातीस तरी. एखाद्या मिक्सरच्या झाकणावर सहा महिने काम करावे लागेल. कागदावर शंभर रेखाटने, मग थर्मोकोलचे किंवा फोमचे नमुने, मग त्रिमिती छपाईच्या यंत्रावर काढलेला नमुना, मग तो बायकांच्या हाती देऊन त्या कशा उघडतात ते गुपचूप पाहणे, मग पुन्हा पहिल्यापासून. मार्केटिंगवाले म्हणतात आणखी चमकदार करा, हिशेबनीस म्हणतात दोन रुपये कमी करा, साचेवाला म्हणतो हा कोपरा निघणार नाही. या तिघांच्या ओढाताणीतून जे वाचते ते तुमचे डिझाइन. शेवटी झाकणावर कंपनीचे नाव असते, तुमचे नसते. कायदाही तसाच आहे. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या रूपाला प्रथम दहा आणि पुढे मुदतवाढीने आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचा मालक तो दुसराच ठरतो. कीर्तीची हाव असलेल्याने हे आधीच समजून घ्यावे.

पैशाचा विचार टाळण्यात अर्थ नाही. इंडस्ट्रियल डिझाइनरला पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, परंतु नोकरी जेथे कारखाने व कंपन्यांची कार्यालये आहेत तेथेच. म्हणजे पुणे, मुंबई, बंगळूर, चेन्नई, फार तर औद्योगिक वसाहती असलेली काही शहरे. घर सोडावे लागते. इंटिरिअरवाला स्वतःच्या तालुक्याच्या गावी पाटी लावू शकतो. आता तालुक्यालाही डॉक्टरांना दवाखाना, सराफाला पेढी, पतसंस्थेला शाखा नीट बसवून हवी असते. फी कामाच्या खर्चाच्या टक्केवारीने किंवा चौरस फुटावर ठरते आणि टप्प्याटप्प्याने मिळते. शेवटचा हप्ता मिळवणे ही मात्र स्वतंत्र विद्या आहे. येथे कायद्याचा आधारही कमी. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्या कोणालाही 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझाइनर म्हणवून घेण्यास अशी नोंदणी लागत नाही. त्यांची एक अखिल भारतीय संस्था १९७२ पासून आहे, पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे कालपर्यंत प्लायवूड विकणाराही उद्या डिझाइनर होतो आणि तुमच्यापेक्षा स्वस्तात काम करतो. शिवाय हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर पन्नास चित्रे घेऊनच येते. चित्र दाखवणारे पुष्कळ झाले, तेव्हा ते चित्र आपल्या दहा फुटांच्या खोलीत का बसत नाही हे सांगू शकणाऱ्याचीच किंमत राहणार.

दोन्ही व्यवसायांमध्ये एक पट्टा असाही आहे जेथे सीमा पुसट होते. लालबागला गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे करण्यास सुरुवात केली. पुढे हे कपाट लग्नात मुलीला देण्याची वस्तू झाले आणि अनेक मराठी घरांत खोलीची मांडणी त्या कपाटाची जागा ठरवूनच होऊ लागली. आता मॉड्युलर किचनचे तेच झाले आहे. खण कारखान्यात ठरावीक मापांत तयार होतात आणि घरी येऊन फक्त जोडले जातात. २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या अखेरीस नवी मुंबईत स्वीडनच्या आयकिया कंपनीची दालने उघडली. सुटे भाग सपाट खोक्यातून नेऊन घरी जोडण्याची तिची रीत पाहून थोनेटच्या ३६ खुर्च्यांचे खोके आठवावे. ज्यांना दोन्हीकडे ओढ वाटते त्यांनी फर्निचर डिझाइन या शाखेची माहिती जरूर काढावी. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत हा विषय शिकवला जातो. तथापि केवळ निर्णय टाळण्यासाठी मधली वाट धरू नये.

आपला कल ओळखण्यासाठी एक घरगुती उपाय सुचवतो, तो सुटीत करून पाहावा. स्वतःच्या घराच्या एका खोलीचे टेपने मोजमाप घेऊन नकाशा काढावा. दिवसभरात ऊन कोठे कोठे पडते, कोण कोठून कसे चालते ते त्यावर नोंदवावे आणि एक पैसाही खर्च न करता खोलीतले सामान असे हलवावे की घरातील एका तरी माणसाची गैरसोय कमी होईल. मग बिघडलेला मिक्सर किंवा जुनी बॅटरी उघडावी, प्रत्येक भागाचे चित्र काढावे, तो भाग त्याच आकाराचा का आहे हे शोधावे आणि पुन्हा जोडावे. कोणत्या कामात जेवणाची हाक ऐकू आली नाही, ते ध्यानात ठेवावे. घरच्यांशी वाद घालून खोली बदलण्यात जास्त रंगलात की स्क्रू आणि स्प्रिंग यांच्या सोबतीत, हे तुमचे तुम्हाला कळेल. 'आमच्या मुलाला दोन्ही सारखेच आवडले' असे सांगणारे पालक मला भेटले आहेत. अशा मुलाने दुसरा प्रयोग पुन्हा करावा, पण या वेळी अशा वस्तूवर, की जी उघडून जोडली तरी चालत नाही. त्यानंतरही ती पुन्हा उघडावीशी वाटते का ते पाहावे.

प्रवेशाविषयी थोडे. पवईच्या चार वर्षांच्या डिझाइन पदवीसाठी 'यूसीड' ही परीक्षा द्यावी लागते. तिला कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे बारावीचे विद्यार्थी बसू शकतात. संगणकावरील प्रश्नांबरोबर हाताने चित्र काढण्याचा भागही तीत असतो. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची परीक्षा वेगळी व दोन टप्प्यांची आहे. राज्यातील दृश्यकला महाविद्यालयांच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र सी. ई. टी. असते. शाखेची अट प्रत्येक संस्थेत एकसारखी नाही, तेव्हा ज्या संस्थेत जावयाचे तिचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. या परीक्षांत सुबक छायाप्रकाशाच्या चित्रापेक्षा निरीक्षणाला महत्त्व असते. उदाहरणार्थ, समोरून दिसणारी छत्री वरून आणि अर्धवट मिटलेली कशी दिसेल, याचा विचार करण्याची सवय असावी. आणि एक व्यवहाराची सूचना : यूसीड जानेवारीत होते, अर्ज त्याआधी काही महिने भरून घेतात. म्हणजे बारावीची परीक्षाही झालेली नसते. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांचे एक वर्ष तेथेच जाते. बारावीच्या वर्षी शाळा-कॉलेज उघडले की टेप आणि पेचकस हाती घ्यावा, आणि दिवाळीच्या आत अर्ज कोठे करावयाचा ते घरी बसून ठरवावे.